विमानांना भांडी म्हणलो

माझं गाव ओझरला लागूनच, बाणगंगेच्या काठाला, आता ते निम्मं ओझरच झालंय म्हणा, पण आमच्या लहानपणी ते गाव व्हतं आन् डोक्यावरून विमान गेलं की आम्ही पोरं गुरं सोडून त्याच्यामागं पळायचो, जसं काय ते आमच्यासाठीच खाली उतरणार हाय. बाप शेतात राबायचा, जमीन थोडी, खाणारी तोंडं लय, तर तो म्हणायचा निवृत्ती, तू हाताचं काम शिक. मंग मी सातपूरला आयटीआयला पत्र्याचं काम शिकलो आन् विमानाच्या कारखान्यात लागलो. लागलो त्या दिवशी आईनं गल्लीभर साखर वाटली. विमानाच्या मागं पळणारं पोरगं विमान बनवायला गेलं, तिला किती वाटलं असंल, तुम्हीच सांगा ताई.

काम काय व्हतं ते सांगतो, नायतर पुढचं कळायचं नाय. विमानाचा पत्रा रिव्हेट मारून जोडतात, त्याला दोन माणसं लागतात, एकजण बाहेरून मशीन लावतो आन् दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो, तेव्हा कुठं रिव्हेट बसतं. मी अंगानं बारीक, म्हणून कायम आतला. पंखाच्या आत शिरायचं, उताणं पडायचं, ठोकळा धरायचा आन् वरून तो तडतड तडतड आवाज. कान त्यातच गेले. डाव्या कानानं आता काय बी येत नाय, तुम्ही उजवीकडं बसल्या ते बरं केलं.

आन् ती विमानं लढाईची, ताई. प्रवाशांची नाय.

आम्हाला त्याचा अभिमान लय. खंडेनवमीला मशिनींची पूजा, सगळं झाडून पुसून लख्ख, विमानाला सुद्धा झेंडूचा हार. मी रिटायर झालो तरी घरी पाट मांडतो, माझी हातोडी, पत्र्याची कात्री, पक्कड, सगळ्याला हळदीकुंकू वाहतो, मंडळी म्हणते आता काय त्यांच्यावर पोट हाय का, मी म्हणतो व्हतं ना. हे घर, पोराचं शिक्षण, नातीचं शिक्षण, सगळं त्या हत्यारांवर.

नात म्हंजी ऋतुजा, माझ्या पोराची पोरगी, नाशिकला कॉलेजात हाय, रोज जाऊन येऊन करते. लय बोलकी. तिनं ते काय तरी सुरू केलं, इकडची पोरं आन् पाकिस्तानातली पोरं फोनवर एकमेकांना बघून बोलतात, भांडण कशावरून झालं, तुमच्या पुस्तकात काय शिकवलं, आमच्या पुस्तकात काय शिकवलं, असं. पहिल्यांदा मी तिला म्हणलं, बाई, दुसरं काय मिळालं नाय का तुला? तर म्हणली तात्या, तुम्ही कधी एका तरी पाकिस्तानी माणसाशी बोलला का? आता मी कुठून बोलणार. 

मंग त्यांच्यात असं ठरलं की दोन्हीकडच्या पोरांनी एकमेकांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं, तुमचं आयुष्य कसं गेलं ते इचारायचं. आता योग असा की ऋतुजाच्या घराचा नंबर लागला तो नेमका खंडेनवमीला. ती म्हणली तात्या बसा, मी म्हणलं बसतो, आपल्याला काय. नवा शर्ट घातला. फोन तिनं डब्याला टेकवून ठेवला, मागं पाट, पाटावर हत्यारं, झेंडू. समोर एक पोरगी आली, अरीबा नाव, गुजरांवाला म्हणून शहर हाय तिकडं, तिथली. काय सांगू तुम्हाला, ओढणी सारखी घसरायची आन् ती सारखी सावरायची, अगदी आमच्या ऋतुजासारखी, हसायची पण तशीच, तोंडावर हात धरून. मला म्हणली दादाजी, सलाम. मी म्हणलं नमस्कार बेटा. मला ऐकू कमी, म्हणून ऋतुजा कानाशी बसून मोठ्यानं सांगायची आन् माझं मराठी तिला हिंदीत सांगायची.

चांगलं चाललं व्हतं. मंग ती म्हणली, दादाजी, ते मागं फुलं वाहिलेलं काय हाय? आमची हत्यारं, मी म्हणलं. तर म्हणली, त्यांनी तुम्ही काय बनवायचा?

ताई, विमान हा शब्द माझ्या गळ्यापर्यंत आला. आन् मला दिसलं की ती पोरगी कुठं बसलीय. ती त्याच बाजूला बसलीय ना, ज्या बाजूला तोंड करून ती विमानं उभी असतात. तिच्यामागं भिंतीवर वाळत घातलेला टॉवेल दिसत व्हता. मी म्हणलो, भांडी.

ऋतुजानं माझ्याकडं पाह्यलं. मी तिच्याकडं पाह्यलं नाय. मंग ती फोनकडं वळून म्हणली, बर्तन बनाते थे.

तेवढ्यावर भागलं असतं. पण ती पोरगी ओरडली, नाना, नाना! आन् तिच्या आईचे वडील आले धावत, पांढरी दाढी, हात काळे. गुजरांवाला म्हंजी भांड्यांचं गाव निघालं! जसं आपलं नाशिक तांब्यापितळेचं. आन् तो म्हातारा जन्मभर भांडी घडवणारा. त्याला काय आनंद झाला, ताई, सीमेपलीकडं आपल्या धंद्यातला माणूस सापडला म्हणून, दोन्ही हात वर करून म्हणला, उस्ताद! मला उस्ताद म्हणला. मंग इचारायला लागला, पत्रा कितीचा घेता, काठ कसा वळवता, आन् मी काय करावं? कानाला हात लावला, म्हणलो आवाज येत नाय, आवाज येत नाय. ज्या कामानं कान गेले ते काम लपवायला तेच कान पुढं केले. त्या दिवशी जेवताना मंडळीनं पुरणपोळी वाढली. त्या पाटाकडं पाठ करून जेवलो.

मला लाज कशाची वाटली, ते मला पण नीट सांगता येत नाय. देशाचं काम व्हतं, चोरी नव्हती केली, उद्या परत जन्मलो तरी तेच करीन. मंग पोरीसमोर ते तोंडातून का नाय निघालं? आन् नाय निघालं तर खोटं का निघालं? विमान केलं त्याची लाज, का केलेलं नाकारलं त्याची लाज, दोन्ही एका जागी येऊन बसल्या, हलायला तयार नाय.

मंग पोरींचा फोन लागला की नानांचा दर वेळी निरोप, उस्ताद कसे हायत, उस्तादांना बोलवा. मी कधी झोपलो असायचो, कधी मळ्यात गेलो असायचो, मळा आता मला नाय. एकदा तर नाशिकला भद्रकालीकडं तांबटांच्या दुकानाशी जाऊन उभा राह्यलो, म्हणलं बघून घ्यावं काठ कसा वळवतात, बोलायला दोन शब्द होतील. तो कारागीर म्हणला काका, काय पाह्यजे? मी म्हणलो तांब्या. गरज नसताना तांब्या घेऊन आलो. मंडळी म्हणली याचं काय करू? मी म्हणलं ठेव.

मंग मधे ते लढाईचे दिवस आले, तुम्हाला पण ठावं, टीव्हीवर दिवसभर तेच, इकडून गेलं, तिकडून आलं. आमच्याकडं तर नुसता जोर. पारावरची माणसं मला बघून उठली, तात्या, तुमची विमानं हो! एकानं पेढे आणले, पहिला पेढा तात्यांना म्हणला. आन् मी खाल्ला. खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. पेढा तोंडात असतानाच ऋतुजा फोन घेऊन आली, तीन दिवस तिला अरीबाचं काय कळत नव्हतं, पोरगी जेवत नव्हती. आली आन् म्हणली तात्या, आला मेसेज, ती ठीक हाय. मी म्हणलं देव पावला. तर म्हणली, नानांनी इचारलंय, तुमच्याकडं काय झालं नाय ना, उस्ताद सुखरूप हायत ना.

समोर चारजण बसलेले, ते म्हणले काय झालं तात्या, पेढा कडू लागला का? हसले सगळे. मी पण हसलो. त्या हसण्याची मला आजून शरम वाटते.

संध्याकाळी ऋतुजा म्हणली, तात्या, मी आता त्या पोरांमधे बसणार नाय. का गं? तर म्हणली, आम्ही एकमेकांना एकच गोष्ट म्हणतो, आमच्या मोठ्या माणसांनी आम्हाला खरं सांगितलं नाय. आन् ते खोटं माझ्या तोंडानं गेलंय, तुमच्या नाय. मी तिला म्हणलं राह्यलं तर राह्यलं, तसं पण गावात लोक नावं ठेवतात.  वही मिटल्यासारखी गप झाली पोरगी, आठ-पंधरा दिवस मला पाणी द्यायची, चहा द्यायची, तात्या म्हणायची नाय. दुसरं काय बी सोसलं असतं मी.

शेवटी मीच म्हणलं, लाव फोन.

नाना आले. खुश लय, जिवंत बघून एकमेकांना आनंद होणारच, म्हणले उस्ताद, इतके दिवस कुठं व्हता. मी ऋतुजाला म्हणलं तू मधे बोलू नको. मोडकं तोडकं हिंदी माझं, पण म्हणलो, नाना, मी उस्ताद नाय. मी भांडी कधीच नाय केली. हम हवाई जहाज बनाते थे. लढाईवाले.

तिकडं अरीबा मागं उभी व्हती, तिनं ओढणी तोंडाशी धरली.  मला वाटलं फोन बंद झाला, ऋतुजानं मान हलवली, नाय, चालू हाय. मंग नानांनी हळू इचारलं, मला ऐकू आलं नाय, ऋतुजानं कानात सांगितलं. ते इचारत व्हते, काम चांगलं करायचा का?

काय सांगणार, ताई? तो कारागीर माणूस, त्याला तेवढंच सुचलं. आन् मी पण कारागीर. मी म्हणलो, हो. लय चांगलं. माझ्या हातचं एक रिव्हेट कधी तपासणीतून परत आलं नाय.

बोलताना मान ताठ झाली माझी, आपोआप. आन् त्यांचं तोंड बघितलं तेव्हा कळलं मी कुणाला काय सांगितलं. त्यांनी मान हलवली, फोन नातीच्या हातात दिला आन् उठून आत गेले.

आता ऋतुजा परत बोलते त्या पोरांशी. मला तात्या म्हणते. दोघी पोरी फोनवर भांडतात, हसतात, कधी कधी रडतात पण, चालू हाय त्यांचं, चालूच राहो, त्यांना आमच्यावानी वेळ न येवो, म्हातारपणी नातीच्या वयाच्या पोरीसमोर मान खाली घालायची. नाना काय परत आले नाय. अरीबा म्हणते त्यांची तब्येत बरी हाय, कामावर जातात. ती बोलत असली की मी उजवा कान करून तिथंच बसून राहतो, मागून कुणी खाकरलं, खुर्ची सरकली, तर वाटतं आले. आले तर काय बोलावं, ते आजून मला सुचलेलं नाय.