सोनोग्राफीचं पाणी

माहं माहेर वडनेर भोलजीचं अन् सासर इकडं धामणगाव बढ्याजवळ, वावरात राबणं दोन्हीकडं सारखंच. लहानपणापासून मायसंगं निंदाले जायची, आता माही सोताची बारा बायांची टोळी हाय, निंदण म्हणा, कापूस वेचणं म्हणा, लोकं मलेच इचारतात, सुमनबाई कवा येता. मायनं दोन गोष्टी शिकवल्या, एक विळा धराचा कसा, अन् दुसरी, वावरात पाणी पियाचं नाई. काऊन म्हणसान तं उघड्या रानात बाईनं जावं कुठी? सोयाबीन गुडघ्याएवढं, आजूबाजूले गडीमाणसं. सकाळी अंधारात जायाचं, मंग दिवस बुडाल्यावरच. अन् काय सांगू तुमाले, मले त्याचा भारीच तोरा होता, मी नव्या पोरींले हासायची, घंट्याघंट्याले काय उठता वं, नाजूकबाया!

मंग दिवाळीच्या अंधी कळा उठाले लागल्या, पाठीतून पोटात. माही माय पोटातल्या गोळ्यानंच गेली, म्हणून मले भाकर गोड लागेना, बोलली कोणाले नाई, पण भेव तेच, की आता माहा नंबर. सुनेनं, संगीतानं, ओळखलं अन् वढतच मलकापूरले सोनोग्राफीले नेलं. तठची नर्स पोरगी म्हणे मावशी, उपाशी आल्या नं, आता हे लिटरभर पाणी प्या अन् लघवीले जाऊ नका. म्या म्हटलं बाई, दुसरं काई येवो न येवो, हे तं येतेच मले.

पण पाणीच जाईना हो! दोन घोट घेतले की घसा बंद. सवयच नाई नं. संगीता लेकराले चारते तशी पाजून राह्यली, आत्या, हा घोट नातवाचा, हा नातीचा, असं करत करत सारं गणगोत संपलं तवा बाटली संपली. बाकावर एक पोटुशी बाई कासावीस, तिले म्हटलं जाय तू अंधी. मंग एका म्हाताऱ्या बुढीले जाऊ देलं. नर्स म्हणे मावशी, तुमाले खरंच लागली नाई? म्या म्हटलं लागू दे नं, मी का आजची हाव? सारा बाक हासला.

आत पोटावर थंडगार चिकट मलम लावला अन् डॉक्टर एकाच जाग्यावर यंत्र फिरवून फिरवून पाहून राह्यले. मले माय दिसाले लागली. म्या म्हटलं डॉक्टर, गोळा असन तं मलेच सांगा, सुनेले नका सांगू. थे म्हणे गोळा नाई मावशी, मूत्रपिंडात खडा हाय, लहानसाच. मी तठीच रडली अन् हासलीबी. मंग थे म्हणे पाणी किती पिता? म्या मोठ्या तोऱ्यात सांगतलं, दिवसभर एक लोटा, अन् धरतो तं सांजवरोक धरतो. डॉक्टर हासले नाईत. म्हणे मावशी, त्यानंच हे दुखणं लागलं. लय लाज वाटली मले, कितीक पोरींले हासली होती मी.

आता कोणाचंबी काम घेतलं तं पयले सांगतो, पाटील, चार काठ्या ठोका, जुनं लुगडं बांधा, बायांले आडोसा करा, मंग बाकीचं. एक जण म्हणे हे काय नवीन थेरं? म्या टोळी बांधावरूनच माघारी नेली, दुसऱ्या दिवशी काठ्या उभ्या! कॅन भरून नेतो, मधात मधात हाक देतो, प्या वं बायाहो. तुमीबी बाई माहं हे सांगणं कवाच्या लिहून राह्यल्या, घ्या, लोटाभर पाणी प्या, सुखी राहा, अन् जायाचं असन तं मागं बाथरूम हाय, लाजू नका.