गुरुजींची टोपली

कोरोनाचे दिवस. तात्यापारा मोहल्ल्यात औषधाच्या दुकानापुढं रांगेसाठी चुन्याचे गोल आखलेले. रांगेत उभ्या दीपमालाच्या पुढच्या दोन गोलांतल्या बाया मास्कमधून मोठ्यानं बोलत होत्या.

"आपल्या अन्नछत्राले वर्गणी देत होते, ते वरच्या मजल्यावरचे गुरुजी कसे हायेत?"

"शिकवण्या बंद झाल्या न त्यायच्या. ज्या टोपलीतून दोरीनं वर्गणी खाली सोडत, त्याच टोपलीत आता मी जेवणाचा डबा ठेवून राहिली."

"अरे देवा! मंग वर्गणी?"

"डबा रिकामा नाही धाडत. आधी नोट यायची, मंग नाणं. आज चिमूटभर साखर होती."

त्या बायांच्या पुढचा गोल रिकामा झाला, तरी त्या सरकल्या नाहीत. दीपमालासुद्धा कोणाला 'सरका' म्हणाली नाही.

"मंग त्यायचं नाव देणाऱ्यांच्या यादीतून काढू का?"

"काहून? डबा रिकामा आला का?"