ऐरावतावर वैजयंता

मंडळी, बसा. पुढे जागा आहे, दारात उभे राहिलेल्यांनी आत या. आज आधी एक प्रश्न विचारतो. त्याचं उत्तर मी देणार नाही, एक बाई देणार आहे. प्रश्न साधा आहे. एखाद्या वस्तूवर अधिकार कोणाचा? जो आधीपासून तिच्यावर बसलाय त्याचा, की ज्याचं काम तिच्यावाचून अडलंय त्याचा?

इतक्यात बोलू नका. लगेच म्हणाल — काम अडलंय त्याचा. कीर्तनात बसल्यावर माणूस फार उदार होतो. घरी गेल्यावर बघू.

तर ऐका. आजची गोष्ट देव-दानवांची नाही, मोटारसायकलची आहे. माना काय वळवताय? रथाची गोष्ट चालते, गरुडाची चालते, मग मोटारसायकलनं काय घोडं मारलंय?

एक कंपनी होती. गाडीचं नाव ऐरावत. जुनी, जड, लोखंडी गाडी. सुरू झाली की धडधड आवाज, पलीकडच्या आळीत कळायचं की पाटील निघाले. बटण दाबून सुरू व्हायची नाही, लाथ मारावी लागायची. आणि कंपनीची पाटी काय? 'ऐरावत — मर्दाची मांड.' चाळीस वर्षं हीच पाटी. घेणारे कोण? पाटील, पैलवान, फौजदार. गाडीपेक्षा मिशी रुंद, असली सगळी मंडळी.

पण काळ कोणासाठी थांबतो का? पैलवानांचे गुडघे गेले. पाटलांची पोरं चारचाकीत बसली. ऐरावत दुकानात उभा, अंगावर धूळ. मग कंपनीचे साहेब लोक एसीच्या खोलीत बसले आणि ठरवलं — आपल्याला नवीन गिऱ्हाईक पाहिजे. बायका पाहिजेत. चांगला विचार. पण केलं काय? एक छोटी गाडी काढली. हलकी, गुलाबी, पुढे फुलांची परडी. नाव ठेवलं ऐरावती. अहो, पुराणात ऐरावताच्या जोडीदारणीला अभ्रमू म्हणतात, आणि ती काही त्याच्यापेक्षा हलकी नव्हती. पण कंपनीला पुराण कोण सांगणार?

आता चला शाहूवाडीच्या डोंगरात. तिथं वैजयंता कोकरे नावाची बाई. वय एकोणचाळीस. नवरा धोंडीराम, मेंढरं घेऊन आठ महिने मुलखाबाहेर. आणि हिचा धंदा काय? गाई-म्हशी भरवायच्या. दूध संस्थेनं तिला शिकवलं होतं. खांद्याला गार नायट्रोजनची टाकी, त्यात वळूचं बीज, आणि सात वाड्या पायाखाली. हसू नका. सकाळी चहात जे दूध घालता ना, ते तिथून सुरू होतं.

या कामाचं एक आहे बघा. गाय माजावर आली की वेळ मोजकी. पहाटे कळलं तर दिवस मावळायच्या आत पोचायला पाहिजे. चुकलं की एकवीस दिवस थांबा. गरिबाच्या एकुलत्या गाईचे एकवीस दिवस फुकट जाणं म्हणजे काय, हे शहरातल्याला नाही कळणार.

वैजयंताकडे एक जुनी स्कूटर होती. सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या, दगडांत तिचं चाक नाचायचं, टाकी घेऊन चढ चढायची नाही. अर्ध्या वाटेत स्कूटर झाडाखाली लावून बाई चालत जायची. उशीर व्हायचा. शेवटी संस्थेच्या सचिवांनी तिला बोलावलं.

"वैजूबाई, तक्रारी आल्यात. तू पोचतीस तवर माज उतरतो. दसऱ्यापासनं वरच्या वाड्या दुसऱ्याकडं देणार."

"कुणाकडं?"

"बघू. गाडी असलेला कुणीतरी गडी."

ती म्हणाली, "गाडी लागती का गडी लागतो, ते एकदा ठरवा."

ती निघाली. घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. धोंडीराम कमी बोलणारा माणूस. म्हणाला, "जड गाडी बघ. दगडात बसंल अशी. मेंढरं विकू थोडी." एवढंच. मंडळी, असा नवरा मिळाला तर पुण्य म्हणायचं.

त्याच आठवड्यात मलकापूरच्या बाजारच्या मैदानावर कंपनीनं महिलांसाठी मेळावा ठेवला. या, गाडी चालवून बघा. दुकान विलासशेठ सावर्डेकरांचं. पुण्याहून कंपनीचा तरुण अधिकारी आलेला, मिहीर कारखानीस. मांडव, फुगे, सहा गुलाबी गाड्या. आणि एका बाजूला खुर्च्या टाकून ऐरावत मंडळ बसलेलं — सगळे जुने गाडीवाले, अध्यक्ष आबासाहेब. गंमत बघायला आले होते.

वैजयंता आली, पाठीवर टाकी घेऊन. गुलाबी गाडीकडे बघितलं आणि कारखानीसला म्हणाली, "मला ती मोठी दाखवा."

"ताई, ती जड आहे तुम्हाला."

"म्हशीपेक्षा?"

कारखानीस हसला. पोरगा वाईट नव्हता बरं का. म्हणाला, "तुमच्यासाठी खास ही बनवलीय. एकदा बसून तर बघा."

ती बसली. लायसन तिच्याकडे होतं, गियरची गाडी धाकट्या दिरानं शिकवलेली. टाकी मागे बांधली आणि मैदानाच्या कडेला जो चढ आहे ना, पाण्याच्या टाकीकडं जाणारा, तो घेतला. गाडी निम्म्यात रडायला लागली. परत आली, उतरली. "परडी छान हाय," म्हणाली. "आता मोठी."

तेव्हा आबासाहेब खुर्चीवरून बोलले. "बाई, ऐरावतावर बसायचा एक नियम हाय. आधी तिला मधल्या स्टँडवर चढवून दाखवायची. चढली तर बसायचं."

मंडळी, हा नियम कोणी केला? कंपनीनं केला नव्हता, पुस्तकात नव्हता. पण ज्याच्या हातात आधीपासून वस्तू असते ना, त्याला नियम फार सुचतात.

वैजयंतानं हँडल धरलं, मागची दांडी धरली आणि ताकद लावून ओढली. गाडी हलली, कलली, आणि दोनशे किलोचं लोखंड तिच्यासकट आडवं झालं. नडगी सोलली. खुर्च्यांवर हशा. एक जण म्हणाला, "पदर सावर आधी." कारखानीस धावत आला. "ताई, म्हणूनच म्हटलं होतं." गाडी चार जणांनी उभी केली.

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? घरी गेला असता. मी पण गेलो असतो. चार लोक हसले की आपली अर्धी स्वप्नं संपतात. ती बाई गेली नाही. खाली बसून नडगीवर माती लावली आणि गाडीचा तो स्टँड निरखत राहिली.

विलासशेठ जवळ आले. दुकानात अकरा ऐरावत पडून होते, आणि आबासाहेब त्यांचे जुने गिऱ्हाईक. माणूस कात्रीत सापडलेला. पण दुकान काढायच्या आधी विलासशेठ मिस्त्री होते, आणि मिस्त्रीला चुकीच्या पद्धतीनं हाताळलेली गाडी बघवत नाही. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "बाई, हातानं वर ओढू नका. कुणाच्याच हातात तेवढी ताकद नसती. स्टँडवर पाय ठेवा आणि सगळं अंग त्या पायात टाका. ती आपली आपण चढती."

"मग हे लोक हातानं ओढल्यागत का दाखवतात?"

विलासशेठ मिशीत हसले.

ती उठली. पाय ठेवला. अंग टाकलं. गाडी खट्‌कन स्टँडवर. वैजयंतानं आबासाहेबांकडं बघितलं आणि म्हणाली, "आता पुढचा नियम सांगा."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. वरच्या वाडीवरची भागूबाई झोरे. तिची एकुलती गाय पहाटेपासून माजावर, मागच्या दोन खेपा हुकलेल्या. भागूबाई फोनवर रडत होती. म्हणाली, "आता येळ टळली तर बाजार दाखवीन तिला."

वैजयंतानं टाकी उचलली आणि त्याच ऐरावतावर बांधायला घेतली. कारखानीस आडवा आला. "ताई, ही मैदानाबाहेर न्यायची नाही. कंपनीची गाडी आहे, कागदपत्रं असतात."

"तुम्हाला नवीन गिऱ्हाईक पायजे का नवीन फोटो?" तिनं विचारलं. "फोटो पायजे तर ही बसली मी, काढा. गिऱ्हाईक पायजे तर वाट सोडा."

पोरगा गोंधळला. आणि इथं विलासशेठनी जन्मातलं सगळ्यात मोठं धाडस केलं. म्हणाले, "साहेब, गाडी माझ्या दुकानाची हाय. मीच जातो संगं." आणि आबासाहेबांच्या डोळ्यांदेखत, भर बाजारातून, साठीचे विलासशेठ एका बाईच्या मागं बसून निघाले. दोघांच्या मधे टाकी. एका हातानं टाकी धरलेली, दुसऱ्या हातानं टोपी.

गाडी काय सुरळीत गेली? नाही. चढावर दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा विलासशेठ उतरून ढकलायला लागले, तर ती म्हणाली, "शेठ, बसा गप. लाथ मला मारू द्या, रोज तुम्ही कुठं येणार?" चौथ्या लाथेला सुरू झाली. दगडात चाक नाचलं नाही. जडच गाडी, भुईला धरून चालली. दोन तासांची वाट चाळीस मिनिटांत. भागूबाईच्या गोठ्यात ती कोपरापर्यंत हात घालून उभी राहिली आणि काम करून बाहेर आली. विलासशेठ मला स्वतः सांगत होते, "बुवा, तीस वर्षं गाड्या विकल्या. गाडी कशासाठी असती ते त्या गोठ्याच्या दारात कळलं."

वैजयंतानं ऐरावत घेतला. सात वाड्या तिच्याकडेच राहिल्या. भागूबाईच्या गाईला पुढे कालवड झाली.

गोष्ट इथं संपायला पाहिजे होती. पण कंपनीला वास लागला. कारखानीस परत आला, या खेपेला कॅमेरेवाल्यांना घेऊन. "ताई, तुमची जाहिरात करायचीय. सगळ्या महाराष्ट्रात." सोबत चामड्याचं जाकीट, काळा चष्मा. टाकी काढून ठेवा म्हणाले, ती फोटोत बरी दिसत नाही. आणि खालची ओळ तयार होती — 'आता बाईही मर्द.'

वैजयंतानं ओळ दोनदा वाचली. म्हणाली, "साहेब, मी गाडी कामाला घेतली. मर्द व्हायला न्हाई. माझ्या घरात एक हाय, तेवढा पुरे."

"ताई, कौतुकच आहे ते."

"माझं काम मी बाई म्हणून करती. चांगलं केलं की तुमी मला गडी म्हणणार, आणि पडले की बाई म्हणणार. असलं कौतुक नको." तिनं टाकी बांधली. "टाकीसकट फोटो काढायचा असंल तर काढा. ओळ ती न्हाई."

फोटो निघाला नाही. कंपनीनं दुसरी मुलगी बघितली, जाकीट तिला बसलं, आणि तीच ओळ लिहिलेला फलक एसटी स्टँडवर लागला. तसाच फलक विलासशेठांच्या दुकानाला लावायला आला. शेठनी तो परत पाठवला. स्वतः ब्रश घेऊन दारावर लिहिलं — 'गाडी चालवून बघा. कोणीही.'

त्या दारातून वर्षभरात कोण कोण आलं? वाड्यांवरच्या दोन आशाताई आल्या. कॉलेजच्या मुली आल्या. एका पायानं अधू असलेला एक मास्तर आला, त्याला शेठनी ब्रेक हाताला करून दिला. अकरातले नऊ ऐरावत गेले. आबासाहेब? ते अजून वैजयंताकडे बघत नाहीत. मी खोटं का सांगू? सगळेच सुधारतात असं आख्यानात होतं, जगात होत नाही. ते तोंड फिरवतात आणि ती गाडी पुढे काढते.

झाली गोष्ट. आता तुमची पाळी.

या सप्ताहाच्या कमिटीनं मला काल चहाला बोलावलं. म्हणाले, "बुवा, लोक येत नाहीत. नवीन माणसं यायला काय करावं?" यंदा मोठा पडदा लावला, रंगीत दिवे लावले. छान आहेत. परडीसारखे छान आहेत. मग मी विचारलं, सात दिवस अखंड वीणा उभी राहते, ती आळीपाळीनं घेऊन उभं राहायला, पहाऱ्याला, माणूस मिळतो का? म्हणाले, मिळत नाही, एकेकाला दोन-दोन पहारे पडतात. आणि तिथंच कळलं, की गावातल्या पाच बायकांनी पहाऱ्याला नावं दिली होती. तो कागद कमिटीनं घडी करून ठेवलाय. का? नियम आहे म्हणे. कोणी केला? कोणालाच सांगता आलं नाही. त्याच बायका सात दिवस दोन वेळच्या पंगतीच्या भाकऱ्या थापताहेत. त्याला मात्र नियम आड आला नाही.

पुढच्या वर्षी मला बोलावू नका, चालेल. पण हे बोलल्याशिवाय मी या पाटावरून उतरणार नाही. विठ्ठल विटेवर उभा आहे, खुर्चीवर बसलेला नाही. तो कोणाचाही नियम तपासत नाही.

माझ्या मागे श्रीपतीबुवा दुपारपासून वीणा घेऊन उभे आहेत. या पायावरून त्या पायावर भार घेताहेत, बदलीला अजून कोणी आलेलं नाही. वीणा खाली ठेवायची नसते, दुसऱ्यानं येऊन घ्यायची असते. पाचजणींची नावं मला ठाऊक आहेत, पण मी पुकारणार नाही. त्यांना कोणी पुकारायची गरज नाही. पुरुष मंडळींनो, तुम्ही फक्त गुडघे आखडा आणि मधली वाट मोकळी करा.

मी थांबलोय. मृदंगमणी, तुम्हीही थांबा. वीणा हातात जाईपर्यंत भजन सुरू होणार नाही.