चढावर गेलेलं पाणी

—छे छे, गर्दी कसली, बसा की, बाक काय माझ्या वडिलांचं आहे? आणि घाई करून उपयोग नाही, बारा माणसं जमल्याशिवाय हा बोटवाला उबीन बेटाकडे हलत नाही, आत्ता तुम्हाला धरून सहा झालीत. मराठी ना तुम्ही? फोनवर ऐकलं—मुद्दाम नाही, माझे कान तेवढे अजून खणखणीत आहेत—'हो गं आई, जेवलो.' काय जेवलात हो? हातात तर नुसती ती पिशवीतली कॉफी दिसतेय. असू द्या, असू द्या, लाजू नका. असल्या थापांत मी तर तुमचा बाप शोभेन.

मी? मी दीनानाथ. पाटबंधारे खात्यातून डेप्युटी इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो, उभा जन्म कालव्यांवर काढला. लेक इथे असते, मैत्रेयी, युनिव्हर्सिटीत पोस्टडॉक. विषय विचाराल तर हसाल—जुने पाट! आपले पाण्याचे पाट हो. इंग्लंडात कुठे तरी गारठलेला, झाड नाही झुडूप नाही असा माळ आहे, तिथे चार-पाचशे वर्षांपूर्वी लोक कथील काढायचे, आणि कथील धुवायला पाणी लागतं म्हणून मैलोन् मैल डोंगराच्या कडेकडेने पाट खणायचे. आता ते सगळे बुजलेत, गवताखाली गेलेत. आणि ही बया क्लेमेंटीत फ्लॅटमध्ये एसी लावून, विमानातून लेसर मारून काढलेले नकाशे बघते आणि सांगते, हा पाट, ही मेंढरांची वाट. मला म्हणाली, बाबा, तुम्ही कालवेवाले, जरा बघता का? जरा! अहो, मी चष्मा पुसून, बाह्या सरसावून बसलो. तीस वर्षं मला कुणी काही विचारलं नव्हतं. हिची आई तर, होती तोवर, भाजी आणायलासुद्धा मला विचारून पाठवत नसे, यादी करून पाठवायची.

तर एक पाट होता, कुठून सुरू होतो नि कुठे संपतो तेच कळेना. माळावरची काळी माती इतकी खचलेली की उंचीच्या आकड्यांवर भरवसा ठेवायची सोय नाही. मी एका नजरेत सांगून टाकलं—एका नजरेत!—हे रुंद टोक आहे ना, ते हेड, इथून पाणी आत आलं, आणि बारीक होत गेलंय ते टेल. कालवा असाच असतो हो. धरणापाशी रुंद, मग याच्या शेताला पाणी, त्याच्या शेताला पाणी, वाटत वाटत जातो आणि टेलला पोचेपर्यंत त्याची मोरी झालेली असते. खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल. पोरीने विश्वास ठेवला. सेमिनारमध्ये तसंच मांडलं. मी मागच्या रांगेत, इस्त्रीचा सफारी घालून. आणि तिकडून पडद्यावर एक इंग्लंडातल्या प्राध्यापक बाई, अगदी मऊ आवाजात, म्हणाल्या की फार छान, फक्त एकच शंका, नदी तर दुसऱ्या टोकाला आहे, मग हे पाणी डोंगर चढत होतं का? सगळी खोली हसली. आणि मी काय करावं? मला वाटलं कौतुक झालं, मी टाळ्या वाजवल्या. एकट्याने.

अहो, त्यांचा पाट वाटत जातच नव्हता! गोळा करत जात होता. वाटेत झरा दिसला की घे आत, ओहोळ दिसला की घे आत, खाणीपाशी पोचेपर्यंत चांगला रुंद. आम्ही देणारे, ते घेणारे, एवढा साधा फरक—पण शेतीशिवाय पाणी कशाला लागतं हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. गंमत पुढेच आहे. मैत्रेयी रडत बसली नाही. तिथेच उभ्या उभ्या म्हणाली, माझं चुकलं, उलटं करून बघते, आणि आठवड्यात त्या पाटाला मिळणारे सगळे बुजलेले झरे शोधून दाखवले. त्या बाई खूश. इतक्या खूश की नोकरीच देऊ केली, तीन वर्षं, त्याच माळावर, लेसर नाही, पायी हिंडायचं. म्हणजे बघा, माझ्या चुकीमुळे पोरीला नोकरी! सोसायटीत हेच सांगणार होतो मी. चूक वगळून.

—बसा हो, आठच झालीत. मी अजून इथे का? मागच्या बोटीत जागा नव्हती. बरं, होती. त्याच्या आधीच्या बोटीतही होती. तुम्ही फार बारीक बघता, ऑडिटला आहात का कुठे?

मैत्रेयी त्या नोकरीला नाही म्हणणार आहे. उद्या कळवणार. काल बाल्कनीत मैत्रिणीशी बोलत होती, अश्लेषा तिचं नाव, आज दोघी उबीनला सायकली चालवायला गेल्यात. म्हणाली, 'बाबांना एकट्याने एमआरटीत चढता येत नाही गं, पुण्यात एकटे कसे राहतील? मी जाते परत, मिळेल कुठल्या तरी कॉलेजात काही.' कुठल्या तरी कॉलेजात! ज्या पोरीला गवताखालचं पाणी दिसतं ती!

मग मी इथे कसा आलो? हां, बरोबर विचारलंत. आलो की. क्लेमेंटीहून त्याच मेट्रोने सरळ तानाह मेरा, गाडी बदलायचीसुद्धा गरज नाही, तिथून दोन नंबरची बस. ती लॅबला गेली की मी हार्बरफ्रंटला जाऊन जहाजं बघतो, हॉकर सेंटरमधल्या ठेल्यावर जेवतो, तिथली चायनीज आजी मला बघितलं की न सांगता तिखट जास्त घालते. गाडीचं कार्ड चष्म्याच्या डबीत लपवून ठेवतो. अहो, काय सांगू तुम्हाला—आलो त्या दिवशी स्टेशनवर तो सरकता जिना, इथले जिने किती जोरात पळतात बघितलेत ना, मी एक क्षण थबकलो. खरंच थबकलो. आणि तिने हात धरला माझा. दहावीनंतर पहिल्यांदा. मग दुसऱ्या दिवशीही थबकलो. मग गुडघा दुखायला लागला, म्हणजे दुखवला. मग म्हटलं, मला ते गाड्यांचे नकाशे कळत नाहीत बाई. तीस वर्षं नकाशे वाचून पगार घेतलेला माणूस! हेडचा शेतकरी बांध फोडून सगळं पाणी आपल्याच रानात घेतो ना, त्यांच्यावर मी आयुष्यभर केसेस केल्या. आणि आता बघा, फावडं माझ्याच हातात. एका हातासाठी पोरीचा अख्खा पाट वळवला मी.

म्हणून निघालो. म्हटलं, एकटा त्या बेटावर जाऊन तिच्यासमोर उभा राहतो, बोलायचीही गरज नाही, बघूनच कळेल. आणि बोटी सोडत बसलोय. एकदा तिने मला तिथे बघितलं की संपलं हो. मग पुण्यात मी, आणि तिकडे माळावर ती.

—थांबा, फोन. तीच. हॅलो? हो गं बाळा, घरीच आहे. पडलोय जरा, गुडघा... आवाज? कसला आवाज? बोटीचा? टीव्ही लावलाय.

काय बघताय असे? तुम्ही जेवलात, मी घरी आहे.

...मैत्रेयी, ऐक. घरी नाही मी. चांगीच्या धक्क्यावर आहे. एकटाच. हो, एमआरटीने. मग बसने. दोन नंबरच्या. ...नाही, हरवलो नाही. ...गुडघ्याला काही झालेलं नाही. ...कधीपासून म्हणजे? आल्यापासून. हो, त्या जिन्यापासूनच. ...उद्या त्या बाईंना हो कळव. मी बोटीत बसतोय, समोर आल्यावर ओरड.

ठेवला. रागावलीये. नाही, रडली नाही, ती रडली की नाक ओढते, तसं काही ऐकू आलं नाही. जेट्टीवर उभी राहते म्हणाली.

चला, उठा, बोटवाला हाताचं एक बोट वर करतोय, अकरा झालीत, मीच राहिलोय. कॉफी संपवा आणि तिकडे पोचल्यावर आधी काही तरी खा, आणि आईला फोन करून सांगा की आत्ता जेवलो. नको नको, हात कशाला देताय, पायऱ्याच तर आहेत, येतं मला सगळं, आत्ताच नाही का सांगितलं—अहो, हलतेय ही बोट! अहो, पुढे कुठे चाललात? द्या, द्या तो हात. आणि जेट्टी आली की सोडायचा, ती बघत असेल.