तीन वर्षांचा अनुभव

तुम्ही मला नियमांचा किडा म्हणता ना, मग हे ऐकाच. मी वकील आहे त्या सरकारी संस्थेत फ्यूजनचं यंत्र उभं राहतंय, म्हणजे सूर्यात जशी ऊर्जा बनते तशी इथे बनवायची. त्याच्या एका भागाचं टेंडर दोनदा काढलं, पण एकानेही भरलं नाही. तिसऱ्यांदा काढायच्या आधी कारखानदारांची मीटिंग बोलावली, तर फरीदाबादचे एकटे चड्ढाजी आले. छोटा कारखाना, साठी उलटलेली.

म्हणाले, "वकील साहब, आपने तीन साल का तजुर्बा माँगा है. यह चीज़ तो देश में आज तक बनी ही नहीं."

आता काय सांगू, ती अट मी खुर्च्यांच्या जुन्या टेंडरवरून जशीच्या तशी उचलली होती! पण मी ठामपणे म्हटलं, "सरकारी ख़रीद है, नए आदमी को काम कैसे दें? कल कोई कोर्ट गया तो जवाब मुझे देना है."

त्यांनी शांतपणे चहा संपवला. "आपने ऐसी मशीनें पहले कितनी ख़रीदी हैं?"

"यह पहली है."

"फिर भी आपको तो किसी ने कुर्सी से नहीं उठाया?"

त्याच दुपारी मी अट काढली. फाइलवर कारण काय लिहायचं, यात मात्र अर्धा तास गेला.