सदाच्या गाण्यामागचा आवाज

दुकानदाराशी भांडायला मला निमित्त लागत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. अंबरनाथच्या आमच्या सदाला गेलेल्या बायकोने म्हटलेलं गाणं स्वच्छ ऐकायचं होतं. घरीच टेप केलेली ती जुनी कॅसेट त्याने हाय-रेझोल्यूशनमध्ये उतरवून घेतली आणि उल्हासनगरहून कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज स्वच्छ ऐकवणारा डबा, आणला. जोडणी मी केली. गाणं सुरू झालं, पण मागे घूंऽऽ आवाज. मी लगेच दुकानात फोन लावला.

"शेठ, खराब माल गळ्यात मारता?"

"साईं, केबल देखी क्या?"

"केबल मला शिकवू नका."

सदाने फोन हिसकावला. "शेठ, माल चांगला आहे. तो आमची फॅक्टरी सुटल्याचा भोंगा आहे, गाण्याबरोबर टेप झालेला. तो वाजला की ही..."

गाणं मध्येच थांबलं. कॅसेटमध्येच मागे पातेलं वाजलं.

"चहा ठेवायची," सदा म्हणाला.