सरावाची ओळ

"हॅलो?... हो गं, मीच. तुलाच लावत होते."

फोन नणंदेचा होता. ती वरच्या मजल्यावर नमुने तपासायची आणि वहिनी खाली त्यांचा डेटाबेस सांभाळायची. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या अकराही नमुन्यांत नणंदेला नवा जंतू सापडला होता. चार वाजता अहवालावर तिची सही झाली की अकराही जणींना त्यांच्या बाळांपासून वेगळं ठेवणार होते.

"हो, हो... ऐकलं, जंतूला तुझं नाव देणारेत. अगं ऐक ना, सही केलीस?... मग पेन खाली ठेव."

वहिनीच्या चहावर साय धरली होती.

"आजवर आपण काय करायचो? फक्त रुग्णांच्या नमुन्यांतल्या जंतूंची जनुकीय अक्षरं फाईलमध्ये काढायची आणि माहीत असलेल्या जंतूंच्या बाहेरच्या यादीशी ताडायची... हां. आज मी बाहेर काही काढलंच नाही. तुलना करणारा प्रोग्रामच डेटाबेसच्या आत बसवला. एकच आज्ञा दिली आणि नमुन्यांच्या तक्त्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या प्रत्येक ओळीशी ताडून घेतली... हो, सगळ्या. सरावाच्यासुद्धा... सापडला ना, तुझा नवा जंतू एका जुन्या नमुन्यात. चौदाशे अक्षरं, एक इकडचं तिकडे नाही... अगं, तीनदा चालवून बघितलं."

तिने खुर्ची पुढे ओढली.

"कुणाचा म्हणजे... शेजारच्या तक्त्यातून नाव, तारीख जोडूनच आलं. बसलीयस ना?... तुझा. सहा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात, सरावाला स्वतःच्याच घशातला नमुना घेतला होतास... हो, तोच. काखेत कळसा आणि गावाला वळसा... त्या अकरा नमुन्यांत कसा गेला काय विचारतेस? मास्क हनुवटीवर, तोंडाचा पट्टा चालू आणि समोर उघड्या नळ्या."

पलीकडून जे ऐकू आलं, त्याने वहिनी ताडकन उठून उभी राहिली.

"काय?... पुसून टाकू?"

"...नाही, वन्सं. ती ओळ पुसायला मला क्षणही लागायचा नाही. पण त्या अकराजणींच्या कुशीतली लेकरं उचलून नेतील, ते कसं पुसू?... हसतील की. आठवडाभर हसतील. मीसुद्धा हसेन, घरी जाऊन... नाही, मी नाही सांगायची. तूच वॉर्डात जाऊन सांग. मी शेजारी उभी राहते... आत्ताच निघालीस? थांब, आलेच. आणि बाई गं, तिथे तोंड उघडायच्या आधी मास्क नाकावर... हॅलो?"